चिकोडीचे ठाणेदार आणि सौंसरचं तिकीट

नोव्हेंबर 1956 मध्ये राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, तेव्हा मराठी मुलखाच्या दोन टोकांना एकच गत झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्यासोबत सौंसर-पांढुर्ण्याचा आमचा मराठी पट्टाही. तिकडे दक्षिणेत बेळगाव म्हैसूर राज्याला जोडलं गेलं. त्याच जिल्ह्यातल्या चिकोडीत 22 फेब्रुवारी 1955 रोजी जन्मलेले श्री ठाणेदार पुढे अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचे आमदार झाले.

महाराष्ट्राने त्यांना ओळखलं ते उद्योजक म्हणून, ‘ही ‘श्री’ची इच्छा’ या आत्मकथनामुळे. आठ माणसांचं घर, श्री चौदा वर्षांचे असताना निवृत्त झालेले वडील, मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी., 1979 मध्ये अमेरिका, 1982 मध्ये अ‍ॅक्रन विद्यापीठाची पीएच.डी. पुढे सेंट लुईसमधली केमिर ही छोटी प्रयोगशाळा त्यांनी 75 हजार डॉलरला घेतली आणि वाढवली. व्याख्यानांत ही गोष्ट इथवर आली की टाळ्या पडतात. पण 2010 मध्ये कर्ज थकलं आणि बँकेने त्यांच्या कंपन्या ताब्यात घेतल्या. न्यू जर्सीतल्या त्यांच्या प्रयोगशाळेत शंभरावर बीगल कुत्री आणि काही माकडं अडकून पडली. हे प्रकरण पुढे निवडणुकांत विरोधकांनी उकरून काढलं. ताबा बँकेकडे गेल्यावर आपल्या हाती काही उरलं नव्हतं, हे ठाणेदारांचं उत्तर. त्यांनी मिशिगनमध्ये पुन्हा एक प्रयोगशाळा उभी केली आणि 2016 मध्ये तिचा मोठा हिस्सा विकला. मग ते राजकारणात उतरले ते थेट गव्हर्नरपदासाठी.

इथे आमच्या भागातल्या वाचकाने जरा थांबावं. सौंसरला काँग्रेसचे विजय चौरे असोत की त्यांच्याआधीचे भाजपचे नानाभाऊ मोहोड, प्रचार मराठीत आणि विधानसभेतलं बोलणं हिंदीत हे ठरलेलंच. पांढुर्ण्याची जागा आदिवासींसाठी राखीव आहे. तिथून नीलेश उइके 2018 आणि 2023 मध्ये निवडून आले. पक्ष कोणताही असो, तिकिटाची यादी भोपाळ-दिल्लीहूनच येते. यादी लागेपर्यंत इच्छुकांचे फोन आणि वाऱ्या चालू राहतात, मतदार तोवर नुसता बघत असतो.

अमेरिकेत हे तिकीट मतदार देतो. आधी पक्षांतर्गत निवडणूक होते, तिला प्रायमरी म्हणतात. तीत जो जिंकेल तो पक्षाचा उमेदवार. वरून कुणी नाव कापत नाही. पण घराघरात पोचायला पैसा लागतो, आणि तो ठाणेदारांकडे होता. 2018 च्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत त्यांनी स्वतःचे सुमारे एक कोटी डॉलर ओतले. टीव्हीवरच्या जाहिरातीत लोक त्यांच्या नावाचा उच्चार करताना अडखळतात, हसतात. म्हणजे परकेपण लपवायच्या ऐवजी त्यांनी तेच पुढे केलं. ग्रेचेन व्हिटमर जिंकल्या, ठाणेदार 17.7 टक्के मतं घेऊन तिसरे आले.

मग ते अ‍ॅन आर्बर सोडून डेट्रॉइटला राहायला गेले आणि 2020 मध्ये तिथून मिशिगनच्या प्रतिनिधीगृहात निवडून आले. सभागृह 110 जणांचं, मुदत दोन वर्षांची. एका आमदारामागे जेमतेम नव्वद हजार लोकसंख्या. मध्य प्रदेशात 230 आमदार आहेत आणि 2011 च्या जनगणनेनुसार एकेकाच्या वाट्याला तीन लाखांवर माणसं येतात. वर्षाला 71,685 डॉलर पगाराच्या या पदासाठी त्यांनी खिशातून चार लाखांवर डॉलर खर्चले. आमच्याकडे खरा हिशोब कुणी उघड मांडत नाही. तिकडे तो सरकारी कागदावर असतो, एवढाच फरक!

2022 च्या अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, प्रायमरीत नऊ उमेदवार होते. मतं फुटली आणि ठाणेदार तिशीच्या आतल्या टक्क्यांवर जिंकले, पुढे खासदार झाले. जॉन कॉनयर्स यांनी 1965 ते 2017 पर्यंत प्रतिनिधित्व केलेल्या, बहुसंख्य कृष्णवर्णीय डेट्रॉइटला 1950 च्या दशकानंतर पहिल्यांदाच काँग्रेसमध्ये एकही कृष्णवर्णीय खासदार उरला नाही. ही सल तिथे अजून आहे, आणि ती खोटी म्हणता येणार नाही. छिंदवाड्याने मात्र कानपूरला जन्मलेल्या कमलनाथांना 1980 पासून नऊ वेळा लोकसभेत पाठवलं. आमच्या मराठी पट्ट्यातूनही त्यांना भरघोस मतं पडत आली. मला वाटतं, बाहेरचा माणूस लोकांना चालतो. त्याला उभं कोणी केलं, आपण की दुसऱ्याच कोणी, इथे खरं घोडं अडतं. पांढुर्णा 2023 मध्ये जिल्हा झाला, तोही निवडणुकीच्या तोंडावर वरूनच झालेल्या घोषणेने.

प्रायमरीची दुसरी बाजू ठाणेदारांना आता कळते आहे. एप्रिल 2025 मध्ये त्यांनी ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाची सात कलमं मांडली, पण स्वपक्षीयांच्याच नाराजीमुळे मे महिन्यात मतदानाचा आग्रह सोडला. त्याच सुमारास डोनव्हन मॅकिनी यांनी 2026 च्या प्रायमरीत त्यांना आव्हान देण्याचं जाहीर केलं. मॅकिनी कृष्णवर्णीय आहेत, डेट्रॉइटचेच आहेत, आणि ठाणेदार जिथून वर गेले त्याच मिशिगनच्या प्रतिनिधीगृहात सध्या आमदार आहेत.