औषधपुरवठा व खाजगी क्षेत्र

औषध कारखान्यातून निघून रुग्णाच्या हाती पडेपर्यंत उत्पादन, साठवण, वाहतूक, घाऊक व किरकोळ विक्री अशा ज्या अवस्थांतून जाते, त्या सर्वांस मिळून औषधपुरवठा साखळी म्हणतात. विकसनशील देशांत या साखळीचा मोठा भाग खाजगी व्यापाराच्या हाती असतो. शासकीय रुग्णालयांतील औषधेही बहुधा खाजगी कारखान्यांतूनच येतात. त्यामुळे साखळीचा कोणता दुवा व्यापारावर सोपवावा व कोणता शासनाने सांभाळावा, हा या विषयातील मूळ प्रश्न होय.

उत्पादन : महाराष्ट्रात दोन्ही क्षेत्रांची परंपरा आहे. मुंबईत १९३५ मध्ये ‘सिप्ला’ ही खाजगी कंपनी, तर पिंपरी येथे १९५४ मध्ये ‘हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स’ ही शासकीय कंपनी स्थापन झाली. १९७० च्या एकस्व अधिनियमाने औषधी पदार्थास एकस्व न देता केवळ निर्मितिप्रक्रियेस दिले. त्यामुळे देशी कंपन्यांना तीच औषधे निराळ्या प्रक्रियेने स्वस्तात बनविता आली. एड्सवरील ज्या उपचारास रुग्णामागे वर्षाला सु. १०,००० डॉलर लागत, तो २००१ मध्ये सिप्लाने दिवसाला एक डॉलरहून कमी किमतीत देऊ केला. २००५ च्या दुरुस्तीने पदार्थास एकस्व पुन्हा मिळू लागले.

वितरण : कंपनीच्या आगारातून औषध घाऊक विक्रेत्याकडे व तेथून किरकोळ दुकानदाराकडे जाते. घाऊक विक्रेता माल पोचवितो, उधारी देतो आणि मुदत संपलेला माल परत घेतो. लहान दुकाने याच आधारावर चालतात. औषधांच्या किरकोळ विक्रीस परवाना लागतो व चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्याच्या देखरेखीखालीच द्यावे लागते. हजारापर्यंत लोकवस्तीच्या गावात मात्र काही घरगुती औषधे विनापरवाना विकता येतात.

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीसारखी खेडी या साखळीच्या शेवटच्या टोकाला येतात. व्यापार खपामागे जातो. खेड्यात खप थोडा असल्याने क्वचित लागणारे औषध दुकानात ठेवणे परवडत नाही. ते आणण्यासाठी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागले, तर छापील किमतीत प्रवासखर्च व बुडालेली मजुरी यांचीही भर पडते.

किंमत : २०१३ च्या औषध (किंमत नियंत्रण) आदेशानुसार, सूचीतील औषधाची कमाल किंमत ठरविताना बाजारात किमान १% वाटा असलेल्या छापांच्या किमतींची सरासरी काढतात व तीत किरकोळ विक्रेत्याचे १६% अधिमूल्य मिळवितात. सूचीबाहेरील औषधाची किंमत वर्षाला १०% पर्यंत वाढविता येते; तिची सुरुवातीची किंमत मात्र सामान्यतः कंपनीच ठरविते.

मर्यादा : सर्पदंशावरील प्रतिविष हे या व्यवस्थेच्या मर्यादेचे ठळक उदाहरण होय. भारतात नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषांवर एकच प्रतिविष वापरतात. ते केव्हा लागेल हे सांगता येत नाही. लागले, तर एका रुग्णास दहा किंवा अधिक कुप्या आणि त्याही त्वरित द्याव्या लागतात. अशा औषधाचा साठा केवळ नफ्याच्या हिशेबाने होत नाही. सानोफी या फ्रेंच कंपनीने आफ्रिकेतील सापांवरील आपल्या प्रतिविषाचे उत्पादन २०१४ मध्ये थांबविले, तेव्हा तेथे तुटवडा पडला. मुंबईतील हाफकिन या शासकीय संस्थेतील प्रतिविषनिर्मितीचे महत्त्व यावरून ध्यानात येते.

शासनाची भूमिका : तमिळनाडूने १९९४ मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापून औषधांची एकत्रित खरेदी, प्रयोगशाळेतील तपासणी व जिल्हावार गोदामे यांची सांगड घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये अशी खरेदी हाफकिनकडे सोपविली व २०२३ मध्ये कायद्याने स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाची तरतूद केली. टांझानियाने २००३ पासून खेड्यांतील लहान औषधविक्रेत्यांना प्रशिक्षण व मान्यता देण्याचा निराळा मार्ग अवलंबिला. या सर्व पद्धतींत माल मुख्यतः खाजगी कारखान्यांचाच असतो. निवड, तपासणी व देखरेख शासन करते. पुरवठादारांची देयके वेळेवर न दिल्यास मात्र निविदा भरण्यास कोणी पुढे येत नाही व खरेदी ठप्प होते. सारांश, ज्या औषधाला नियमित गिऱ्हाईक आहे ते व्यापार पोचवितो. ज्याला ते नाही, त्याचा साठा लोकांच्या पैशातून आधीच करून ठेवावा लागतो.