नोंद नसलेल्या मृतांची फेरिस्त

खडकीच्या युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातील सोळाशेंहून अधिक सैनिक चिरनिद्रा घेत आहेत, आणि ज्यांची ओळख पटली त्यांच्या शिळांवर नाव, हुद्दा, पलटण व मृत्यूचा दिवस कोरलेला आहे. शिपाई भरती होतो त्या दिवसापासून सरकारदप्तरी त्याची नोंद असते, म्हणूनच त्याच्या मरणालाही दाखला मिळतो. परंतु ज्याने शस्त्र कधी धरलेच नाही, ज्याच्या गावावरून केवळ युद्ध गेले, त्या रयतेतील माणसाचे नाव कोणत्या फेरिस्तीत शोधावे? या प्रश्नाला, अपुरे का होईना, उत्तर दिले ते वृत्तछायाचित्रकारांनी.

१९७१ साली पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. हा आकडा बुद्धीला कळतो, पण मनाला पेलत नाही. रघु राय यांनी टिपलेल्या निर्वासितांच्या चेहऱ्यांसमोर मात्र त्याचा अर्थ उमगू लागतो. पुढे मुंबईत व्यवसाय केलेले किशोर पारेख तर कोणी पाठविले नसता, स्वतः होऊन पूर्व बंगालच्या रणभूमीवर गेले, आणि अवघ्या दोन आठवड्यांतील छायाचित्रांचे त्यांचे पुस्तक १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले.

तथापि कॅमेरा हा नेहमीच तटस्थ साक्षीदार असतो असे नाही. पाकिस्तानी सैन्य शरण आल्यानंतर दोनच दिवसांनी, १८ डिसेंबर १९७१ रोजी, ढाक्यात शत्रूला साहाय्य केल्याचा आरोप असलेल्या बंदिवानांना छायाचित्रकारांच्या डोळ्यांदेखत संगिनींनी ठार करण्यात आले. आपल्या उपस्थितीनेच मारेकऱ्यांना चेव येईल, या जाणिवेने मार्क रिबू प्रभृती निघून गेले. थांबलेल्या हॉर्स्ट फास आणि मिशेल लोराँ यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले. क्रौर्याचे प्रेक्षक होण्यास नकार देणाऱ्यांचा निर्णय मला नीतिदृष्ट्या श्रेष्ठ वाटतो. तरीही युद्ध जिंकलेल्यांच्या हातून झालेली ती हत्या जगाला नाकारता आली नाही, याचे श्रेय थांबलेल्यांच्या चित्रांनाच द्यावे लागते.

म्हणूनच असे चित्र छापणाऱ्यावर मोठी जबाबदारी येते. स्थळ, तारीख, आणि आप्तांना धोका नसेल व त्यांची संमती असेल तर मृताचे नाव, एवढा मजकूर चित्राखाली नसेल, तर ते पुरावा न राहता केवळ करुणेचे साधन होते, आणि उद्या दुसऱ्याच युद्धाच्या नावावर खपविलेही जाते. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये वृत्तविद्या शिकणाऱ्या तरुणांनी भिंग आणि प्रकाश यांच्याइतकाच या चार ओळींचा अभ्यास करावा, आणि संपादकांनी त्यांवाचून युद्धाचे एकही चित्र छापू नये.