संगणकाचा धनी कोण?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार थांबविला. वाढीव मुदतीची सोय ठेवली. परंतु मुदत म्हणजे उपाय नव्हे. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. परिणामी धडधाकट चालणारी असंख्य यंत्रे कागदोपत्री निकामी ठरली. मालवण-कुडाळकडील शिक्षकाच्या वा कारकुनाच्या घरी संगणक एकदा घेतला की तो वर्षानुवर्षे पुरवावा लागतो. खारी हवा आणि पावसाळ्यातील विजेचा लपंडाव सोसून जे यंत्र तगले, ते कंपनीच्या वेळापत्रकाने मोडीत काढावे काय?

याला पर्याय आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला आणि १९९१ साली हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा रचला. त्यांतून उभ्या राहिलेल्या उबुंटू, मिंट आदी प्रणाली विनामूल्य मिळतात. त्या तपासण्याची, बदलण्याची आणि शेजाऱ्याला देण्याचीही मुभा असते. केरळातील सरकारी शाळांनी हा मार्ग केव्हाच स्वीकारला आहे.

तथापि अडचणी झाकून ठेवण्यात अर्थ नाही. युनिकोडमधील मराठी येथे सुखाने चालते. परंतु जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेल्या प्रश्नपत्रिका ते फॉन्ट बसविल्याविना वा रूपांतराविना वाचता येणार नाहीत. घरातील मुलांचा प्रश्न खेळांचा. व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ साली आणलेल्या ‘प्रोटॉन’मुळे विंडोजसाठी रचलेले पुष्कळ खेळ लिनक्सवर चालू लागले. मात्र ‘व्हॅलोरंट’सारखे काही सामूहिक खेळ त्यांच्या फसवणूक-प्रतिबंधक यंत्रणेमुळे येथे चालत नाहीत. ज्याला तेच खेळायचे आहेत, त्याने घाई करू नये.

इतरांनी आधी आपल्या फायलींची प्रत वेगळी ठेवावी, पेनड्राइव्हवरून प्रणाली चालवून पाहावी आणि छपाईयंत्र, वायफाय जुळते याची खात्री करून मगच ती यंत्रात बसवावी. तेवढ्या चाचणीने मूळ प्रणालीस धक्का लागत नाही. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी वर्षातून एक रविवार या मदतीसाठी राखला, तर अनेक घरांचा नव्या यंत्राचा खर्च टळेल. आणि पैशांहून मोठा लाभ असा, की आपले यंत्र कधी म्हातारे झाले, हे ठरविण्याचा अधिकार पुन्हा त्याच्या धन्याकडे येईल.