ऑक्झिन वाहक प्रथिनांच्या अभ्यासात प्रतिपिंडांचे स्थान व त्यांची विश्वासार्हता

प्रस्तावना :
खिडकीतील रोप प्रकाशाकडे झुकते, तर आडव्या पडलेल्या रोपाचे मूळ पुन्हा जमिनीकडे वळते. या हालचालींमागे ऑक्झिन हे संप्रेरक असते. खोडात ते प्रामुख्याने शेंड्याकडून बुडख्याकडे वाहते. अशा एकदिश वहनास ध्रुवीय वहन म्हणतात. हे वहन घडवून आणणारी प्रथिने पेशीच्या कोणत्या बाजूस असतात, हे पाहण्याचे एक प्रमुख साधन म्हणजे प्रतिपिंडे होत. प्रस्तुत लेखात या साधनाचे कार्य, त्याच्या मर्यादा आणि त्याची खातरजमा करण्याची आवश्यकता यांचा विचार केला आहे.

वाहक प्रथिनांची संकल्पना :
रुबेरी व शेल्ड्रेक यांनी १९७४ मध्ये आणि रेव्हन यांनी १९७५ मध्ये ध्रुवीय वहनाचे रासायनिक स्पष्टीकरण मांडले. पेशीभित्तिकेचा पीएच सुमारे ५.५ असतो. तेथे ऑक्झिनचे काही रेणू विद्युतभाररहित असल्यामुळे पेशीपटलातून आत शिरू शकतात. पेशीद्रव्याचा पीएच सुमारे ७ असल्याने आत आलेले जवळजवळ सर्व रेणू भारित होतात व तेथेच अडकतात. त्यांना बाहेर पडण्यासाठी वाहक प्रथिनांची गरज भासते. हे वाहक पेशीच्या एकाच बाजूस असतील, तर वहनालाही एकच दिशा मिळेल. म्हणजेच वाहक कोठे आहे, हाच या विषयातील कळीचा प्रश्न ठरतो.

प्रतिपिंडांनी दिलेले उत्तर :
जेकब्स व गिल्बर्ट यांनी १९८३ मध्ये मोनोक्लोनल प्रतिपिंडांच्या साहाय्याने वाटाण्याच्या खोडातील पेशींच्या खालच्या टोकाशी संभाव्य वाहक असल्याचे दाखविले. तथापि त्या वेळी वाहकाचे जनुक ज्ञात नसल्यामुळे प्रतिपिंड नेमके कोणत्या प्रथिनाशी बांधले गेले, हे निश्चित सांगता येत नव्हते. १९९८ मध्ये गाल्वायलर, पाल्मे व सहकाऱ्यांनी ॲरेबिडॉप्सिसमधील पिन-१ जनुकाचा शोध प्रसिद्ध केला आणि त्याच्या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांनी ते खोडातील वाहक ऊतींच्या पेशींत खालच्या टोकाशी असल्याचे दाखविले. हे जनुक निकामी झालेल्या वनस्पतीचा पुष्पदांडा फुलांविना टाचणीसारखा दिसतो. त्यावरूनच 'पिन' हे नाव पडले. पुढे २००२ मध्ये, रोप आडवे केल्यावर मूलटोपीतील पेशींत पिन-३ प्रथिन काही मिनिटांत खालच्या बाजूस सरकते, हेही निदर्शनास आले.

प्रतिपिंडांची निर्मिती व वापर :
ॲरेबिडॉप्सिसमध्ये पिन कुलातील आठ प्रथिने आहेत. त्यांचे पटलात रुतलेले भाग एकमेकांशी बरेच मिळतेजुळते असतात. त्यामुळे पेशीद्रव्यात असलेला, अधिक भिन्नता दाखविणारा मधला पाश प्रतिजन म्हणून निवडतात. तो सशाला टोचून रक्तद्रवातून प्रतिपिंडे मिळवितात. पिन-५ व पिन-८ यांच्यात हा पाश फारच आखूड असल्याने निवडीस वाव कमी राहतो.

ऊतीतील स्थाननिश्चितीसाठी ऊती पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये स्थिर करून, पेशीभित्तिका विकरांनी सैल करून व पटल सच्छिद्र करून प्रतिपिंडे आत पोहोचवावी लागतात. त्यानंतर फ्लुरोसंट रंजक जोडलेले दुय्यम प्रतिपिंड वापरतात. हरितद्रव्य व लिग्निन स्वतःही चमकतात, याचे भान ठेवणे आवश्यक असते. वेस्टर्न ब्लॉटसाठी नमुना नेहमीप्रमाणे ९५ अंश सेल्सियसला तापविल्यास पटलातील प्रथिनांचे गोळे होऊ शकतात. म्हणून कमी तापमान वापरतात.

खातरजमेचा प्रश्न :
प्रतिपिंड आपल्याला हव्या त्याच प्रथिनाशी बांधले जाते, हे गृहीत धरता येत नाही. याचे बोलके उदाहरण ऑक्झिनशी बांधल्या जाणाऱ्या एबीपी-१ या प्रथिनाचे आहे. हे वाहक नव्हे. परंतु त्यापासून मिळणारा धडा येथेही लागू पडतो. वनस्पतीतच प्रतिपिंडाचे अंश निर्माण करून हे प्रथिन निष्प्रभ केल्यावर वाढीत गंभीर दोष दिसले आणि ते वाढीस अत्यावश्यक मानले गेले. २०१५ मध्ये मात्र त्याचे जनुक नष्ट केलेल्या वनस्पती सामान्यपणे वाढतात, असे आढळले. २०१६ मध्ये तर एबीपी-१ अस्तित्वातच नसतानाही त्याच प्रतिपिंड-अंशांमुळे ते दोष उद्भवतात, हे दिसून आले. म्हणजे परिणाम खरा होता. त्याचे श्रेय मात्र चुकीच्या प्रथिनाला दिले गेले होते.

म्हणूनच संबंधित प्रथिन नसलेल्या उत्परिवर्तित वनस्पतीत संकेत नाहीसा होणे, ही सर्वात भक्कम कसोटी होय. प्रतिजन मिसळून प्रतिपिंड आधीच निष्प्रभ करणे किंवा लसीकरणपूर्व रक्तद्रव वापरणे या चाचण्या उपयुक्त असल्या तरी दुय्यम आहेत. पहिल्या चाचणीने बंध विशिष्ट जागेमार्फत होतो एवढेच कळते. तशीच जागा अन्य प्रथिनावर नाही, हे सिद्ध होत नाही.

समारोप :
२०२२ मध्ये पिन-१, पिन-३ व पिन-८ यांच्या त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाल्या. तरीही ऊतीतील प्रथिनाचे स्थान रचनेवरून समजत नाही. त्यासाठी प्रतिपिंडे किंवा जीएफपी जोडलेली प्रथिने लागतात. ज्या पिकांत जनुकांतरण कठीण आहे, तेथे प्रतिपिंडांचे महत्त्व अधिकच वाढते. मात्र ॲरेबिडॉप्सिससाठी तयार केलेले प्रतिपिंड ज्वारी किंवा हरभऱ्यात वापरण्यापूर्वी प्रतिजन-भागाची अमिनो आम्ल क्रमवारी पडताळून पाहावी लागते. पदव्युत्तर प्रकल्पांना मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकांनी प्रतिपिंडाच्या खरेदीबरोबरच त्याच्या नियंत्रण चाचण्यांचेही नियोजन करणे अगत्याचे आहे. नियंत्रण चाचणीविना मिळालेले सुंदर छायाचित्र हे पुरावा ठरत नाही.