डुकरांचा आफ्रिकन ताप

आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी डुकरे आहेत. पेपरात डुकरांच्या रोगाची बातमी आली, तेव्हापासून काही मुलं त्याच्या बसकरपट्टीवर बसेनात. म्हणून मी गुरुजींना विचारलं, हा रोग आपल्याला लागतो का? गुरुजींनी आणि जनावरांच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते इथे लिहीत आहे.

या रोगाचे नाव आफ्रिकन स्वाइन फीवर. तो एका विषाणूमुळे होतो. विषाणू इतका बारीक असतो की शाळेच्या भिंगातूनसुद्धा दिसत नाही. १९२१ साली आफ्रिकेतल्या केनिया देशात या रोगाची पहिली नोंद झाली. तिथल्या काही रानडुकरांच्या अंगात हा विषाणू असतो, पण ती आजारी पडत नाहीत. पाळीव डुकरे मात्र मरतात. २००७ साली हा रोग जॉर्जिया देशात गेला, २०१८ साली चीनमध्ये आणि २०२० साली आपल्या देशात आसाम व अरुणाचल प्रदेशात आला.

आजारी डुकराला जोराचा ताप येतो. ते खात नाही. कान व पोट लाल-जांभळे होते. बहुतेक डुकरे थोड्याच दिवसांत मरतात. यावर औषध नाही. म्हणून रोग येऊ न देणे हाच उपाय.

हा रोग आजारी डुकरामुळे पसरतो. शिवाय चपला, कपडे आणि गाडीची चाके यांना लागूनही विषाणू येतो. डुकराच्या कच्च्या मांसात तो महिनोन्महिने टिकतो. म्हणून एवढे करावे :

१. लग्नातले, हॉटेलातले खरकटे डुकरांना घालू नये. घालायचेच तर अर्धा तास उकळून घालावे.
२. बाहेरच्या माणसांनी डुकरांच्या वाड्यात जाऊ नये.
३. नवीन आणलेले डुक्कर काही दिवस वेगळे बांधावे.
४. मेलेले डुक्कर ओढ्यात टाकू नये. खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे.
५. डुक्कर आजारी पडले की लगेच जनावरांच्या दवाखान्यात कळवावे.

रोग सापडला की एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरे मारावी लागतात. म्हणून कुणी कुणी भीतीने आजार लपवतात. पण लपवला तर शेजारच्या गावाचीही डुकरे जातात. अशा डुकरांची सरकार भरपाई देते, हे पालकांनी लक्षात ठेवावे.

आता माझ्या प्रश्नाचे उत्तर. हा रोग माणसाला होत नाही. गाई, म्हशी, शेळ्यांनाही होत नाही. स्वाइन फ्लू हा वेगळा रोग आहे. दोन्हींची नावे सारखी वाटतात, म्हणून घोटाळा होतो.

उद्या मी त्या मुलाच्या पट्टीवर बसणार आहे. तुम्ही पण या.

— इयत्ता चौथी