सहाशे गुणांची किंमत

वैद्यकीय शिक्षणाच्या प्रवेशासाठी देशभर घेतल्या जाणाऱ्या ‘नीट’ या परीक्षेत ७२० पैकी ६०० गुण मिळवणारा विद्यार्थी कोणत्याही कसोटीने हुशारच म्हणावा लागेल. परंतु २०२३ मध्ये या गुणांवर देशात साधारण अठ्ठावीस ते तीस हजारांच्या आसपासचा क्रमांक मिळत होता, २०२४ मध्ये तोच क्रमांक ऐंशी हजारांपर्यंत खाली गेला आणि प्रश्नपत्रिका कठीण निघालेल्या २०२५ मध्ये तेवढेच गुण मिळवणारा विद्यार्थी पहिल्या दीड हजारांत पोहोचला. गुणांना स्वतःची अशी किंमत उरलेली नाही, ती त्या वर्षी इतर किती जण पुढे गेले यावरून ठरते, ही गोष्ट परभणीसारख्या जिल्ह्यातील पालकांना समजावून सांगण्याची आज सर्वाधिक गरज आहे.

या परीक्षेत पात्र ठरणे आणि प्रवेश मिळणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पात्रतेची रेषा खुल्या प्रवर्गासाठी पन्नासाव्या पर्सेंटाइलवर, म्हणजे परीक्षा देणाऱ्यांपैकी निम्मे ज्याच्या मागे असतात अशा गुणांवर आखली जाते, आणि २०२५ मध्ये ती १४४ गुणांवर आली. त्या वर्षी सुमारे २२ लाख विद्यार्थ्यांनी परीक्षा दिली, १२ लाखांहून अधिक पात्र ठरले, आणि देशातील एमबीबीएसच्या एकूण जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपासच होत्या. त्यांतील जवळपास निम्म्या जागा खासगी व अभिमत संस्थांकडे असून तेथील वार्षिक शुल्क कित्येक लाखांत जाते; त्यामुळे सोयाबीन आणि कापसावर घर चालणाऱ्या जिंतूर, पाथरी किंवा पालम तालुक्यातील कुटुंबासाठी खरी स्पर्धा केवळ शासकीय जागांपुरती, म्हणजे आकड्यांत दिसते त्याहून कितीतरी अधिक तीव्र असते.

मराठवाड्यात या जागा फार सावकाश आल्या. औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये सुरू झाले, अंबाजोगाईचे सत्तरच्या दशकात, नांदेडचे १९८८ मध्ये आणि लातूरचे २००२ मध्ये. परभणीला मात्र अनेक वर्षांच्या मागणीनंतर २०२३ मध्ये शंभर जागांचे शासकीय महाविद्यालय मिळाले. या शंभर जागा परभणीच्या मुलांसाठी आहेत असा समज जिल्ह्यात अनेकांचा आहे, पण तो बरोबर नाही. त्यांपैकी १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून, म्हणजे देशातील कोणत्याही राज्याच्या विद्यार्थ्यांतून भरल्या जातात आणि उरलेल्या जागा राज्याच्या गुणवत्ता यादीनुसार, घटनात्मक आरक्षण लागू करून भरल्या जातात. पूर्वी राज्याच्या वाट्यातील ७० टक्के जागा त्या-त्या विभागातील विद्यार्थ्यांना आणि ३० टक्के संपूर्ण राज्याला खुल्या ठेवणारी ‘७०:३०’ पद्धत होती. मराठवाड्यात महाविद्यालयेच कमी असल्याने येथील विद्यार्थ्यांना तिचा जाच होत होता, आणि सप्टेंबर २०२० मध्ये ती रद्द झाली. हा निर्णय योग्यच होता. मात्र त्यामुळे पुण्या-मुंबईचे दरवाजे जसे परभणीच्या मुलांना उघडले, तसे परभणीचेही सर्वांना उघडले, आणि महाविद्यालय गावात असणे व त्यात गावातील मूल असणे यांचा संबंध आता फक्त क्रमांकाच्या आधारेच जुळू शकतो.

हा क्रमांक घडतो कोठे, हा खरा प्रश्न आहे. राज्याच्या अभ्यासक्रमावर आधारलेल्या सीईटीऐवजी २०१७ पासून नीट सक्तीची झाली, आणि एनसीईआरटीच्या पुस्तकांवर, सराव चाचण्यांवर व चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होण्याच्या हिशेबावर आधारलेली तयारी आवश्यक ठरली. ती करून घेणारी व्यवस्था लातूर व नांदेड येथे उभी राहिली. राजर्षी शाहू आणि दयानंद या लातूरच्या महाविद्यालयांनी बारावीच्या गुणवत्ता याद्यांच्या काळात शिस्तबद्ध उजळणीचा जो ‘लातूर पॅटर्न’ घडवला, त्याची परंपरा आज मोठ्या प्रमाणावर खासगी क्लासेसकडे गेली आहे. परभणी, सेलू वा गंगाखेडचा विद्यार्थी अकरावीपासून तेथे खोली घेऊन, मेसचे जेवण जेवून राहतो, आणि पहिल्या प्रयत्नात क्रमांक न आल्यास ‘रिपीटर’ बॅचला बसतो. प्रयत्नांच्या संख्येवर बंधन नाही आणि वयाची कमाल मर्यादाही २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली आहे. त्यामुळे प्रथमच परीक्षा देणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाची गाठ दोन-तीन वर्षे तोच अभ्यास करत असलेल्यांशी पडते. अधिक एक वर्ष पोसण्याची ऐपत हीच येथे गुणवत्तेचा भाग बनते, आणि ज्याच्या घरी ती नाही तो बुद्धीने नव्हे, पैशाने मागे पडतो. मुलींच्या बाबतीत घराबाहेर ठेवण्याची भीती याच्या जोडीला येते.

तमिळनाडूने २०२० मध्ये शासकीय शाळांत शिकलेल्या, नीट उत्तीर्ण मुलांसाठी वैद्यकीय प्रवेशात ७.५ टक्के जागा राखून या विषमतेची जाहीर दखल घेतली. महाराष्ट्रातही असा विचार व्हायला हवा. पण त्याहून आधी व्हावी अशी गोष्ट साधी आहे. जिल्ह्यातील कनिष्ठ महाविद्यालयांत अकरावी-बारावीचे विज्ञान प्रत्यक्ष शिकवले गेले पाहिजे, कारण नाव येथे, हजेरी कागदावर आणि शिक्षण लातूरला अशी आज अनेक ठिकाणची स्थिती आहे. संस्थाचालकांनी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्राचे पूर्णवेळ शिक्षक नेमावेत, तालुक्याच्या अभ्यासिकांत सराव चाचण्या विनामूल्य घ्याव्यात, आणि पालकांनी मुलाच्या निकालाकडे पाहताना त्या वर्षीचा क्रमांक आधी विचारावा, गुण नंतर.