हूतोंग : बीजिंगच्या गल्ल्यांतून पायी

बीजिंगला जाऊन आलेला माणूस सहसा दोन गोष्टींबद्दल बोलतो. एक तिथला राजवाडा आणि दुसरी चीनची भिंत. दोन्ही बघाव्यात अशाच आहेत. पण राजवाड्यात बादशहा राहत होता आणि भिंतीवर शिपाई. सामान्य माणूस कुठे आणि कसा राहत होता, हे पाहायचं असेल तर हूतोंगमध्ये शिरावं लागतं. हूतोंग म्हणजे गल्ली. मी तिथे गेले तेव्हा एक गोष्ट लगेच कळली, या गल्ल्या गाडीतून दिसत नाहीत. त्या पायीच बघायच्या.

कुब्लाईखानानं १२६७ साली इथे आपली राजधानी वसवायला घेतली, तेव्हापासून या गल्ल्यांचा इतिहास सुरू होतो. मोठे रस्ते उत्तर-दक्षिण आणि त्यांना जोडणाऱ्या गल्ल्या पूर्व-पश्चिम, अशी आखीव रचना होती. ‘हूतोंग’ हा शब्द विहिरीसाठी असलेल्या मंगोल शब्दावरून आला असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. जिथे पाणी तिथे वस्ती, हा नियम सगळीकडे सारखाच.

गल्ल्या पूर्व-पश्चिमच का? उत्तर हवेमुळे. बीजिंगचा हिवाळा कडक असतो, पारा शून्याच्या बराच खाली जातो आणि बोचरा वारा उत्तरेकडून येतो. ऊन मात्र दक्षिणेकडून येतं. गल्ली पूर्व-पश्चिम असली की प्रत्येक घराला दक्षिणेकडे तोंड करता येतं आणि वाऱ्याकडे पाठ. या घराला म्हणतात सिहेयुआन, म्हणजे चारही बाजूंनी खोल्या आणि मध्ये अंगण. आपला चौसोपी वाडा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कल्पना येईल. उत्तरेची दक्षिणाभिमुख खोली सर्वांत उबदार, ती घरातल्या वडीलधाऱ्यांची. बाजूच्या खोल्या मुलासुनांच्या. प्रवेशदार मध्यभागी नसतं, आग्नेय कोपऱ्यात असतं. आत पाऊल टाकलं की समोर एक आडवी भिंत येते. रस्त्यावरून जाणाऱ्याची नजर थेट अंगणात पोचू नये आणि अशुभ शक्तींनाही सरळ वाट मिळू नये, म्हणून ती बांधलेली.

माझी फेरी मी नगाऱ्याच्या मनोऱ्यापासून सुरू केली. १४२० साली बांधलेला हा मनोरा आणि त्याच्यामागचा घंटेचा मनोरा ही या शहराची घड्याळं होती. नगारा वाजवून रात्रीचे प्रहर सांगितले जात. १९२४ मध्ये शेवटचा बादशहा राजवाड्याबाहेर काढला गेला आणि ही पद्धतही थांबली. खड्या पायऱ्या चढून वर गेलं की खाली राखाडी कौलांचा समुद्र दिसतो. पिवळी चकाकती कौलं हा बादशहाचा मान होता, म्हणून प्रजेच्या वाट्याला राखाडी रंग.

तिथून पूर्वेला थोडं चाललं की नानलोगूश्यांग ही सुमारे आठशे मीटर लांबीची जुनी गल्ली लागते. तिच्या दोन्ही अंगांना आठ-आठ हूतोंग फुटतात, म्हणून तिला लोक गोमेची उपमा देतात. आज ही मुख्य गल्ली म्हणजे निव्वळ जत्रा आहे. गर्दी इतकी वाढली की २०१६ मध्ये या गल्लीनं पर्यटनस्थळ म्हणून मिळालेला आपला अधिकृत दर्जा आपणहून सोडून दिला. पण कुठल्याही फाट्याला वळा, पन्नास पावलांत आवाज मागे पडतो. सायकली, कुंड्या, वाळत घातलेले कपडे आणि दाराशी बुद्धिबळाचा पट मांडून बसलेली म्हातारी माणसं दिसू लागतात.

गल्ल्यांची नावं मोठी गमतीची आहेत. माओअर हूतोंग म्हणजे टोपी गल्ली. शेवटच्या बादशहाची बेगम वानरोंग हिचं माहेर या गल्लीत होतं. १९२२ साली ती इथून राजवाड्यात गेली. दुसरी जूअर हूतोंग, म्हणजे शेवंतीची गल्ली. जवळच चिलमीची तिरकी गल्लीही आहे.

चालताना दारं वाचायला शिकावं. चौकटीच्या दोन्ही बाजूंना कोरीव दगड असतात. नगाऱ्यासारखे गोल असतील तर घर लष्करी अधिकाऱ्याचं आणि चौकोनी पेटीसारखे असतील तर मुलकी अधिकाऱ्याचं, असा संकेत सांगतात. दारावरच्या पट्टीतून पुढे आलेल्या लाकडी खुंट्या चार असतील तर घर मोठ्या मानाचं, दोन असतील तर बेताचं. आणखी एक खूण आजची आहे. दाराशी विजेचे मीटर किती लावलेत ते मोजा. दहा-बारा मीटर दिसले तर समजावं, की या एका घरात आता तितकी बिऱ्हाडं आहेत.

हे कसं झालं? १९४९ नंतर मोठी घरं अनेक कुटुंबांत वाटली गेली. १९७६ मध्ये तांगशानचा भीषण भूकंप झाला, तेव्हा बीजिंगकरांनी अंगणांत तात्पुरते निवारे उभारले. भूकंपाची भीती गेली, निवारे राहिले. त्यांच्या पक्क्या खोल्या झाल्या आणि अंगणाच्या जागी एक माणूस जेमतेम जाईल एवढा बोळ उरला. घरात शौचालय नाही. ते गल्लीच्या टोकाला, सार्वजनिक. हिवाळ्यातल्या मध्यरात्री तिथवर जाणाऱ्या सत्तरीच्या बाईला ‘तुमचं घर किती सुंदर आहे’ असं आपण पाहुण्यांनी सांगणं बरं नव्हे. हूतोंगचा खरा प्रश्न इथे आहे.

१९९० नंतरच्या वीस वर्षांत या प्रश्नाला एक सोपं उत्तर दिलं गेलं, पाडून टाका. भिंतींवर पांढऱ्या रंगात ‘छाय’ हे अक्षर उमटू लागलं. त्याचा अर्थ ‘पाडणे’. रहिवाशांना शहराच्या कडेला नवे फ्लॅट मिळाले, त्यात नळ आणि शौचालयही मिळालं. पण शेजार गेला. दवाखाना, बाजार, ओळखीची माणसं सगळं लांब पडलं.

जुनं शहर राखून नवं शहर बाजूला बांधावं, असं वास्तुशास्त्रज्ञ ल्यांग सिचेंग यांनी १९५० मध्येच सुचवलं होतं. ते मानलं गेलं नाही आणि शहराचा तटही पाडला गेला. त्यांच्या पत्नी लिन हुईयिन यांचं नाव आपल्याला जवळचं वाटायला हवं. १९२४ साली रवींद्रनाथ टागोर बीजिंगमध्ये असताना त्यांचं ‘चित्रा’ हे नाटक तिथे सादर झालं, त्यात चित्रेची भूमिका त्यांनी केली होती. हे दांपत्य हूतोंगमधल्या ज्या घरात राहत होतं, ते घर २०१२ मध्ये पाडलं गेलं आणि चीनमध्येच त्यावर मोठी ओरड झाली.

तिसरा मार्ग नव्हताच असं नाही. शेवंतीच्या गल्लीत मी तो पाहिला. ल्यांग यांचेच सहकारी वू ल्यांगयोंग यांनी १९९० च्या सुमारास इथे दोन-तीन मजली घरं बांधली. मध्ये अंगण, भोवती घरं, अंगणातली जुनी झाडं तशीच आणि प्रत्येक घरात स्वयंपाकघर व शौचालय. या कामाला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. मात्र नव्या घरांची किंमत मूळच्या सगळ्याच कुटुंबांना परवडली नाही, हेही सांगायला हवं. घर वाचलं तरी घरातली माणसं वाचतातच असं नाही.

२०१७ मध्ये मंजूर झालेल्या शहराच्या आराखड्यानं जुन्या शहरात आणखी पाडापाडी करायची नाही, असं ठरवलं. २०२४ मध्ये युनेस्कोनं बीजिंगचा मध्य अक्ष, म्हणजे या दोन मनोऱ्यांपासून दक्षिणेकडे जाणारी ७.८ किलोमीटरची रेषा, जागतिक वारशात घेतली. हा निर्णय झाला तो आपल्या नवी दिल्लीत भरलेल्या बैठकीत.

ऐकणाऱ्यांसाठी एक जागा मुद्दाम सांगते. शिजिया हूतोंगमध्ये २०१३ साली एका जुन्या घरात संग्रहालय सुरू झालं. तिथल्या एका खोलीत फक्त आवाज ऐकायचे. फेरीवाल्यांच्या आरोळ्या, धार लावणाऱ्याच्या लोखंडी पट्ट्यांचा खणखणाट, कबुतरांच्या शेपटीला बांधलेल्या शिट्ट्यांचा सूर. यातले बरेच आवाज आता गल्लीत ऐकू येत नाहीत.

कधी जाणं झालं तर सकाळी लवकर जा, दुकानं उघडण्यापूर्वी. उंबरठा ओलांडायचा, त्यावर पाय द्यायचा नाही. आणि दार उघडं दिसलं तरी विचारल्याशिवाय आत जायचं नाही. आपल्या दृष्टीनं तो वारसा असेल, पण आत कुणाच्या तरी शेगडीवर सकाळचं दूध तापत असतं.